स्वस्त चिनी पेन आणि शाईची निवड : चंद्रपूर-गडचिरोलीतून एक आढावा

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक वनहक्क मिळाला. एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. पुढे जिल्ह्यातल्या हजारांहून अधिक गावांना असे हक्क मिळाले आणि हक्काबरोबर लिखापढी आली. ठरावांचे रजिस्टर, हजेरीच्या सह्या, मजुरीचा हिशेब, तेंदूच्या फडीवर रोज संध्याकाळी होणारी पुड्यांची मोजदाद, वनरक्षकाची दैनंदिनी, शिक्षकाचे टाचण अशी कितीतरी कामे या दोन जिल्ह्यांत अजून हातानेच होतात. वीज आणि नेटवर्क यांचा भरवसा नसलेल्या भागात वही आणि पेन ही कामाची मुख्य साधने आहेत.

गेल्या दहा-बारा वर्षांत शाईचा पेन देशभर पुन्हा वापरात आला आणि त्यात चिनी बनावटीच्या स्वस्त पेनांचा वाटा मोठा आहे. काहीशे रुपयांत मिळणारा जिनहाओ, विंग सुंग किंवा हिरो आज टपाल पोहोचते तिथे पोहोचतो. सोबत जुने वादही आले आहेत. हे पेन रोजच्या कामाला टिकतात का? त्यांच्यात कोणती शाई घालावी? आपल्याकडे मिळणाऱ्या कागदावर ती कशी वागते? पेनप्रेमी या प्रश्नांवर हौसेने बोलतात. जंगलपट्टीत मात्र त्यांना दस्तऐवजाची आणि हवामानाची बाजू जोडली जाते, म्हणून त्यांचा वेगळा विचार करायला हवा.

१९३१ पासूनची वाटचाल

या कहाणीतले तीन धागे एकाच वर्षी सुरू होतात. १९३१ मध्ये दिगंबर परशुराम दांडेकर यांनी मुंबईत गिरगावात ‘हॉर्स ब्रँड’ नावाने शाईची पूड आणि वड्या करायला सुरुवात केली. त्यातूनच पुढे कॅमल शाई आणि कॅमलिन कंपनी उभी राहिली. त्याच वर्षी शांघायमध्ये हुआफू नावाचा पेनांचा कारखाना निघाला. १९६६ मध्ये त्याचे नाव हिरो झाले. आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या पार्कर कंपनीने क्विंक ही लवकर सुकणारी शाई बाजारात आणली.

आपल्याकडे शाई आणि पेन यांच्याशी स्वदेशीचा विचार सुरुवातीपासून जोडलेला आहे. आंध्रातल्या राजमुंद्रीचे रत्नम पेन गांधीजींच्या सूचनेतून घडले. बंगालमधली सुलेखा शाई १९३४ मध्ये मैत्र बंधूंनी त्याच प्रेरणेने काढली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बंद पडलेली ही शाई २०२० मध्ये पुन्हा बाजारात आली. मुंबईचे एअरमेल आणि हैदराबादचे डेक्कन पेन यांनीही या परंपरेत आपले स्थान मिळवले.

हिरोचा पेन मात्र परदेशी वस्तू म्हणूनच हवाहवासा वाटे. त्याची घडण पार्कर ५१ या १९४१ मधल्या अमेरिकी पेनावर बेतलेली होती. निब जवळजवळ पूर्ण झाकलेली, टोपण धातूचे, आत दाबून शाई ओढायची पारदर्शक नळी. आयातीवर निर्बंध असताना हे पेन नेपाळमार्गे, चोरट्या बाजारातून किंवा कोणा नातेवाइकाच्या सामानातून येत. दहावीला चांगले गुण मिळवणाऱ्या मुलाच्या खिशाला हिरो लावणे ही अनेक मराठी घरांतली बक्षिसाची रीत होती. उपभोग्य वस्तूंवरचे उरलेसुरले आयात निर्बंध १ एप्रिल २००१ रोजी उठले. तोवर बॉलपेनने शाळा आणि कचेऱ्या ताब्यात घेतल्या होत्या. बॉलपेनने अक्षर बिघडते म्हणून तो वर्गात चालू न देणारे शिक्षक आणि शाईची सही मागणाऱ्या बँका हा तोवर भूतकाळ झाला होता.

चिनी पेनांची दुसरी लाट आली ती ऑनलाइन खरेदीबरोबर. जिनहाओचे जाड पितळी पेन, लहानग्यांसाठीचे शार्क माशाच्या आकाराचे पेन, विंग सुंगचे दट्ट्याने शाई भरणारे पारदर्शक पेन, होंगदिअन आणि मूनमॅन (आताचे माजोन) यांचे थोडे महाग नमुने लोक थेट चिनी विक्रेत्यांकडून मागवू लागले. गलवान खोऱ्यातल्या भारत-चीन संघर्षानंतर नोव्हेंबर २०२० मध्ये भारत सरकारने बंदी घातलेल्या अॅपमध्ये खरेदीसाठी वापरले जाणारे अलीएक्स्प्रेसही होते, त्यामुळे तो रस्ता बंद झाला. आता हेच पेन भारतीय आयातदार आणि ऑनलाइन दुकानांमार्फत येतात. किंमत थोडी वाढली, पण वस्तू खराब निघाली तर परत करण्याची सोय झाली.

पेनाबद्दलची मते

चिनी पेनांच्या बाजूचे लोक पहिला मुद्दा किमतीचा मांडतात आणि तो खरा आहे. ज्या किमतीत पोलादी निबचा, शाई ओढायच्या पंपासह, हातात वजन जाणवणारा पेन मिळतो, त्या किमतीत युरोपी शाईची दौतही येत नाही. दुसरा मुद्दा बारीक रेषेचा. चिनी लिपीतल्या अक्षरांत थोड्या जागेत बऱ्याच रेषा बसवाव्या लागतात, म्हणून तिथल्या निबा युरोपी निबांपेक्षा बारीक असतात. ०.३८ किंवा ०.५ मिलिमीटर अशी मापे देऊनच त्या विकल्या जातात. बारीक निब कमी शाई सोडते आणि पातळ कागदावर ते फायद्याचे ठरते. तिसरा मुद्दा भीती नसण्याचा. महागडा पेन लोक घरी जपून ठेवतात. स्वस्त पेन मोटारसायकलच्या डिकीत, शेताच्या बांधावर, बसच्या गर्दीत बिनधास्त नेता येतो.

विरोधातले आक्षेप दोन प्रकारचे आहेत. एक आक्षेप गुणवत्तेचा. एकाच नमुन्याच्या पाच पेनांत एखादा लोण्यासारखा चालतो आणि एखाद्याच्या निबची दोन टोके खालीवर असतात, त्यामुळे तो कागद खरवडतो. टोपणाच्या कडेला वर्षभरात तडा जाणे, पंप सैल पडणे, सोनेरी मुलामा उडणे याही नेहमीच्या तक्रारी आहेत. पंपांच्या तोंडाची मापे सारखी नसणे हा आणखी एक त्रास. बऱ्याच पेनांना आंतरराष्ट्रीय मापाचा २.६ मिलिमीटरचा पंप लागतो, काही चिनी पेनांना ३.४ मिलिमीटरचा. चुकीचा पंप बसवला की पेन गळतो आणि दोष शाईला दिला जातो.

दुसरा आक्षेप नक्कल आणि स्वदेशी यांचा आहे. जिनहाओ ५९९ हा जर्मन लामी सफारीसारखा दिसतो, विंग सुंग ६०१ हा पार्कर ५१ सारखा, जिनहाओ १५९ हा माँ ब्लाँच्या जाड पेनासारखा. ज्यांना हे खटकते ते सांगतात की घडणीमागचे श्रम दुसऱ्याचे आणि नफा तिसऱ्याचा. उलट बाजूने उत्तर येते की पार्कर ५१ ची मूळ पेटंटे केव्हाच संपली, मूळ पेन बंद होऊन अनेक दशके झाली आणि विंग सुंग ६०१ मुळे ती जुनी, चांगली रचना सामान्य माणसाला पुन्हा मिळाली. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. बंद पडलेल्या रचनेचे पुनरुज्जीवन आणि आज दुकानात विकल्या जाणाऱ्या पेनाची हुबेहूब नक्कल यांत मात्र फरक करायला हवा.

स्वदेशीचा आग्रह धरणारे एअरमेल, क्लिक, कानराइट अशा भारतीय पेनांची नावे घेतात. हे पेन साधे आणि दुरुस्त करण्याजोगे आहेत. ड्रॉपरने भरायच्या पेनात शाई पंपाच्या तिप्पट-चौपट मावते. गुंता असा की कॅमलिनचे बहुसंख्य भाग २०११ पासून जपानच्या कोकुयोकडे आहेत. स्वदेशीची रेघ कारखान्याच्या जागेवरून ओढायची की मालकीवरून, याचे उत्तर प्रत्येक जण वेगळे देतो.

देवनागरी आणि निबचा काप

निबची चर्चा बहुतेक वेळा रोमन लिपी गृहीत धरून होते. देवनागरीची गरज वेगळी आहे. बोरूने लिहिणाऱ्यांना हे माहीत होते, कारण देवनागरीसाठी बोरूचा काप रोमन लिपीच्या उलट दिशेने तिरका घेतात. साध्या गोल टोकाच्या चिनी निबने मराठी लिहिताना जाड-बारीकपणा उतरत नाही, पण वेग मिळतो आणि ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘त्त’, ‘द्ध्य’ अशी जोडाक्षरे भरून जात नाहीत. आखीव वहीच्या अरुंद ओळीत वर वेलांटी आणि रफार, खाली उकार बसवायचे असतील तर बारीक निबच हवी. मध्यम युरोपी निबने हीच जोडाक्षरे काळी पडतात.

चिनी कंपन्या वाकवलेल्या टोकाची निबही विकतात. ती सुलेखनासाठी असते. पेन उभा धरला तर बारीक आणि आडवा धरला तर जाड रेषा देते. फळ्याशेजारचे सुविचार, ग्रामपंचायतीचे फलक, अभिनंदनपत्रे यांसाठी ती मजेची आहे. रोजच्या लिखाणाला मात्र ती नको. ती शाई फार सोडते आणि साधा कागद तिला पेलत नाही.

शाईच्या पेनाने अक्षर सुधारते हा समज मोठा आहे. त्यातला खात्रीचा भाग एवढाच की या पेनाला दाब द्यावा लागत नाही, त्यामुळे लांब लिखाणात बोटे कमी दुखतात आणि हात आपोआप थोडा सावकाश चालतो. अक्षराचे वळण सरावाने येते. सुलेखन शिकवणारे शिक्षकही पेनाइतकाच भर बसण्याच्या आणि धरण्याच्या सवयीवर देतात.

उन्हाळा आणि पावसाळा

पेनाची खरी परीक्षा चंद्रपूरचा उन्हाळा घेतो. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरीचा पारा मे महिन्यात ४६-४७ अंशांपर्यंत जातो आणि हवा कोरडी असते. अशा हवेत उघड्या निबवरची शाई काही मिनिटांत सुकते, पेन अडतो, लिहिणारा तो झटकतो आणि सदऱ्यावर डाग पडतो. झाकलेल्या निबचे पेन, म्हणजे हिरो ६१६ किंवा विंग सुंग ६०१ या घराण्यातले, इथे सरस ठरतात. त्यांच्या निबचे थोडेसेच टोक हवेत उघडे असते. टोपण किती घट्ट बसते हेही तितकेच महत्त्वाचे. आतले अस्तर सैल असेल तर चार दिवस न वापरलेल्या पेनातली शाई आटून घट्ट होते आणि रंग गडद उतरू लागतो.

ड्रॉपरने भरायच्या पेनाला उन्हाळ्यात वेगळा धोका असतो. शाई निम्म्याखाली गेली की वरच्या मोकळ्या जागेत हवा साठते. ती गरम होऊन फुगते आणि शाईला पुढे ढकलते, मग निबवर अचानक थेंब येतो. पेन पूर्ण भरलेला ठेवणे, शाई निम्म्यावर आली की पुन्हा भरणे आणि पेन उन्हात न ठेवणे हे यावरचे जुने आणि खात्रीचे उपाय. चिनी प्लास्टिक पेनाच्या आट्यांना सिलिकॉन ग्रीस लावून त्याचा ड्रॉपर-पेन करता येतो. पितळी पोटाच्या पेनाला हा प्रयोग करू नये, शाईने धातू खराब होतो.

पावसाळ्यात प्रश्न उलटतो. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो आणि ओल कपाटातल्या कागदांपर्यंत पोहोचते. इथून पुढे पेन मागे पडतो आणि शाई महत्त्वाची ठरते.

शाईचे तीन प्रकार

बाजारात रंगांची नावे पन्नास असली तरी शाईचे मूळ प्रकार तीन. पहिला प्रकार पाण्यात विरघळणाऱ्या रंगाचा, म्हणजे डायचा. कॅमल किंवा ब्रिलची रॉयल ब्लू, क्विंक, वॉटरमनची निळी, जपानी इरोशिझुकू हे सगळे याच घरातले. ही शाई पेनाला सर्वांत सोयीची आहे. ती अडकत नाही, पाण्याने धुतली जाते, कपड्यावरचा डागही बऱ्याच अंशी निघतो. तिचा दोषही त्याच गुणात आहे. कागद भिजला की अक्षरे पसरतात आणि उन्हात फिकी पडतात. दौतीवर ‘परमनंट’ लिहिले की ती पाण्याने मुळीच जाणार नाही, असे मानून चालत नाही.

दुसरा प्रकार लोह आणि टॅनिनच्या शाईचा. तिचे रसायन या जंगलपट्टीला परके नाही. हिरडा आणि बेहडा ही इथली गौण वनोपजे टॅनिनने भरलेली असतात. हिरड्याचे टॅनिन आणि हिराकस, म्हणजे लोहाचे सल्फेट, एकत्र आले की काळा रंग तयार होतो. रंगारी आणि शाई करणारे दोघेही हा गुण पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले. ताज्या द्रावणाचा रंग फिका असतो. कागदावर उतरल्यावर हवेतल्या प्राणवायूने लोहाचे रूप बदलते आणि न विरघळणारा काळा पदार्थ कागदाच्या तंतूंतच तयार होऊन बसतो. लिहिताना अक्षर दिसावे म्हणून त्यात निळा डाय घालतात. लिहिलेले आधी निळे आणि मग काळे होते, म्हणून या शाईला निळी-काळी म्हणतात. पाण्याने निळा भाग वाहून गेला तरी काळा राहतो. भारतीय मानक संस्थेने या दोन प्रकारांसाठी वेगळी मानके केली आहेत. लोह-टॅनिनच्या शाईसाठी आयएस २२० आणि डायच्या शाईसाठी आयएस १२२१.

या शाईवरचा आक्षेप तिच्या आम्लतेचा आहे. ती पेनात महिनोन्‌महिने राहिली तर धातू कुरतडते आणि सुकली तर निबखालच्या जिभेच्या बारीक खाचांत थर जमतो. तिचे समर्थक म्हणतात की आजच्या शाईतली आम्लता जुन्यापेक्षा बरीच सौम्य आहे आणि चिनी पेनाच्या पोलादी निबला ती सहज झेपते. अट एकच, पेन रोज चालला पाहिजे आणि दर दोन-तीन आठवड्यांनी धुतला गेला पाहिजे. या वादात स्वस्त पेनाची बाजू बळकट आहे. काहीशे रुपयांच्या पेनात ही शाई वापरून पाहण्यात फारसे काही गमावण्यासारखे नाही. मुलामा दिलेले भाग मात्र आधी खराब होतात.

तिसरा प्रकार पिगमेंटचा. त्यात रंग विरघळलेला नसतो, त्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगतात. पोथ्यांची काजळी आणि डिंकाची शाई याच कुळातली. कार्बन उन्हाने उडत नाही की पाण्याने जात नाही, म्हणून त्या पोथ्या आजही वाचता येतात. प्लॅटिनम कार्बनसारख्या आजच्या जपानी शाईत हे कण इतके बारीक केलेले असतात की ही शाई शाईच्या पेनातही चालते. टिकाऊपणात ती अव्वल आहे, पण महाग आहे आणि विसरभोळ्याला माफ करत नाही. पेन सुकला की कण खाचांत घट्ट बसतात. एक चूक मात्र कधीच करू नये. चित्रकलेच्या दुकानातली वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक ही टाकाने किंवा कुंचल्याने वापरायची असते. तिच्यातला चिकट पदार्थ शाईच्या पेनाला कायमचा बंद करतो. दौत सारखीच दिसत असल्याने ही गफलत वारंवार होते.

पालक्काडच्या कृष्णा शाईसारख्या छोट्या भारतीय उत्पादकांनी अलीकडे रंगांची मोठी श्रेणी आणली आहे. पुस्तकात खुणा करायला, खासगी पत्राला ते रंग सुंदर आहेत. लाल-जांभळ्या छटा पारदर्शक चिनी पेनाच्या नळीला डाग पाडतात आणि तो डाग निघत नाही. चकाकीच्या कणांची शाई बारीक निबला नकोच.

कार्यालयीन कामात रंगाचे संकेत ठरलेले आहेत. केंद्र सरकारच्या कार्यपद्धतीनुसार टिपण निळ्या किंवा काळ्या शाईत करायचे. हिरवी-लाल शाई सहसचिव आणि त्यावरच्या अधिकाऱ्यांसाठी, तीही क्वचित. धनादेशासाठी रिझर्व्ह बँकेने रंग ठरवून दिलेला नाही, पण खाडाखोड टाळण्यासाठी कायम टिकणारी शाई वापरावी असे ती सांगते. म्हणजे धुतली जाणारी रॉयल ब्लू धनादेशाला योग्य नाही.

वनहक्काच्या दाव्यांत या मुद्द्याचे वजन कळते. मालगुजारीच्या काळातले कागद, गावाचे निस्तार पत्रक, जुन्या नोंदी हे तिथले पुरावे. हाताने लिहिलेली ती अक्षरे आज वाचता येतात म्हणून गावाला आपला वापर सिद्ध करता येतो. आजचे ठरावाचे रजिस्टर आणखी ५० वर्षांनी असाच पुरावा असेल. ते कोणत्या शाईने लिहायचे हा हौसेचा विषय राहत नाही.

बल्लारपूर आणि कागदाची बाजू

शाई फुटते तेव्हा लोक पेन बदलतात. बहुतेक वेळा दोष कागदाचा असतो. कागदाच्या तंतूंना पाणी शोषू न देणारे लेपण कमी असेल तर शाई रेषेबाहेर पसरते आणि मागच्या बाजूला उमटते. कागदाचे वजन, म्हणजे दर चौरस मीटरला किती ग्रॅम, हा एकच निकष धरला की फसगत होते. साठ ग्रॅमचा चांगल्या लेपणाचा कागद ऐंशी ग्रॅमच्या झेरॉक्स कागदापेक्षा शाई चांगली धरतो. झेरॉक्सचा कागद कोरड्या पुडीच्या छपाईसाठी असतो, ओल्या शाईसाठी नाही.

कागदाची चर्चा चंद्रपूरमध्ये करायची आणि बल्लारपूरचे नाव घ्यायचे नाही, हे शक्य नाही. थापर उद्योगसमूहाने १९४५ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीची ही गिरणी वर्धा नदीच्या काठी उभी राहिली ती इथल्या जंगलातल्या बांबूच्या बळावर. गडचिरोलीच्या जंगलांतला बांबू दीर्घ मुदतीच्या करारांनी गिरणीला जात असे. मेंढ्याच्या बांबूवरच्या हक्काच्या लढ्याची ती पार्श्वभूमी होती. बांबूचा लांब तंतू कागदाला चिवटपणा देतो. बिल्टच्या, म्हणजे याच कंपनीच्या, नावाने विकला जाणारा रॉयल एक्झिक्युटिव्ह बाँड हा कागद शाईच्या पेनाने लिहिणाऱ्या भारतीयांत आजही नावाजलेला आहे. त्याच जिल्ह्यातल्या शाळेच्या स्वस्त वहीत मात्र शाई फुटते आणि त्या वहीला रुळणारी निब नेमकी बारीक चिनी निब आहे. कोरड्या स्वभावाची, म्हणजे कमी वाहणारी शाई तिच्यात घातली की पातळ कागदाच्या दोन्ही बाजू वापरता येतात. लोह-टॅनिनची शाई साधारणपणे अशी कोरडी चालते, तिचा हा आणखी एक फायदा.

जिथे शाईचा पेन चालत नाही

समर्थकांनी मान्य करायला हवी अशी एक मर्यादा आहे. वाहतूक परवाने, पावत्या, दंडाच्या नोंदी जिथे कार्बन कागद घालून दोन-तीन प्रतींत होतात तिथे शाईच्या पेनाचा उपयोग नाही. दाब द्यावा तर निब फाकते, न द्यावा तर खालची प्रत कोरी राहते. स्पर्धा परीक्षांच्या उत्तरपत्रिकेवरचे गोल भरायला बॉलपेनच लागतो. पावसात उभे राहून पंचनामा करणाऱ्या वनरक्षकाला पेन्सिल किंवा बॉलपेनच सोयीचा. या कामांत बॉलपेनची जागा शाईच्या पेनाने घ्यावी हा आग्रह वास्तवाला धरून नाही.

न सुटलेले मुद्दे

काही प्रश्न अजून उघडे आहेत. पहिला पर्यावरणाचा. बॉलपेन आणि त्याच्या कांड्या फेकून दिल्या जातात आणि शाईचा पेन वर्षानुवर्षे चालतो, हा युक्तिवाद आकर्षक आहे. पण वर्षभरात तडकणारा, समुद्रापलीकडून थर्माकोलच्या वेष्टनात आलेला प्लास्टिकचा पेन त्या हिशेबात कुठे बसतो, यावर एकमत नाही. उत्तर पेन किती वर्षे टिकतो यावर अवलंबून आहे आणि टिकणे दुरुस्तीवर. निब सरळ करून देणारे, जीभ बदलणारे पेनवाले तालुक्याच्या गावांतून दिसेनासे झाले. चिनी पेनाचे बरेच सुटे भाग वेगळे मिळत नाहीत, म्हणून एका पेनाचे टोपण दुसऱ्याला लावणे हाच वापरणाऱ्यांचा मार्ग उरतो.

दुसरा प्रश्न नोंदींचा. ग्रामसभेच्या रजिस्टरला लोह-टॅनिनची शाई वापरावी की पिगमेंटची? अभिलेख जपणाऱ्यांना लोहाच्या जुन्या, अति आम्लयुक्त शाईने कागद कुरतडल्याची उदाहरणे माहीत आहेत, म्हणून त्यांचा ओढा कार्बनकडे असतो. रोज लिहिणाऱ्याचा ओढा लोहाच्या सौम्य शाईकडे, कारण पेन चालता राहतो. दोन्ही मते अनुभवातून आली आहेत. तिसरी सूचना अशी की दस्तऐवजासाठी मान्यता असलेली जेल किंवा बॉलपेनची शाई वापरून वाद मिटवावा. तीही उडवून लावण्यासारखी नाही.

तिसरा प्रश्न शाळांचा आहे. पाचवीपासून शाईचा पेन सक्तीचा करणाऱ्या शाळा आहेत. स्वस्त चिनी पेनांमुळे तो खर्च परवडू लागला. ज्या घरात दौत ठेवायला सुरक्षित कोपरा नाही, तिथल्या मुलावर ही सक्ती करावी का, हा प्रश्न मात्र किमतीने सुटत नाही. आश्रमशाळांत तो अधिक टोकदार होतो.

आजच्या घडीला काय घ्यावे

हा सगळा विचार केल्यावर रोजच्या कामासाठी झाकलेल्या निबचा, बारीक रेषेचा, प्लास्टिक पोटाचा चिनी पेन इथल्या हवेला आणि वहीला सर्वांत जवळचा ठरतो. जाड पितळी पेन देखणे असले तरी खिशाला जड आणि उघड्या निबमुळे उन्हाळ्यात अडणारे आहेत. भारतीय ड्रॉपर-पेन हा त्याला तोलामोलाचा पर्याय आहे, विशेषतः जिथे महिनाभर शाई विकत मिळत नाही तिथे. शाळेसाठी कॅमल किंवा ब्रिलची साधी निळी शाई पुरेशी आहे, हजार रुपयांवरची दौत घेण्याचे कारण नाही. नोंदींसाठी निळी-काळी लोह-टॅनिनची शाई घ्यावी आणि तिच्यासाठी वेगळा पेन ठेवावा. दोन प्रकारची शाई एका पेनात, न धुता, कधी मिसळू नये.

नवा पेन भरण्याआधी भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब घातलेल्या थंड पाण्याने धुवावा, कारण कारखान्यातले तेल निबला चिकटलेले असते. बोअरचे जड पाणी खाचांत क्षार सोडते, तेव्हा शेवटचे पाणी गाळलेले किंवा साठवलेले पावसाचे असावे. गरम पाणी आणि स्पिरिट प्लास्टिकला तडे देतात.

ग्रामसभांच्या सचिवांनी आणि विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांनी एक काम मात्र या वर्षीच हाती घ्यावे. आपल्या रजिस्टरच्या कागदाच्या चार पट्ट्यांवर उपलब्ध शाईंनी एकच मजकूर लिहावा आणि शाईचे नाव व तारीख घालावी. एक पट्टी मेभर उन्हात टांगावी, एक पाण्यात बुडवून सुकवावी, एक पावसाळाभर कपाटात ठेवावी, एक तुलनेसाठी अंधारात जपावी. दिवाळीला चारही पट्ट्या शेजारी ठेवून पाहाव्यात आणि निकाल रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहावा, म्हणजे पुढच्या सचिवाला कोणती शाई आणायची ते कळेल.